वादाचे नियम कोणासाठीं?

२३ सप्टेंबर १९७६ ची रात्र. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फिलाडेल्फिया शहरीं एका जुन्या नाटकगृहांत त्या देशाच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार वादासाठीं उभे होते. एका मेजामागें विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड, दुसऱ्या मेजामागें त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर. कोट्यवधि लोक आपापल्या घरीं दूरचित्रवाणीसमोर बसून तो वाद पाहत होते. सभा संपावयास थोडाच अवकाश राहिला असतां आवाजाचें यंत्र एकाएकीं बिघडलें. चित्र दिसत राहिलें, शब्द मात्र ऐकूं येईना. यंत्र सुधारण्यास २७ मिनिटें लागलीं. या २७ मिनिटांत त्या दोघांनीं काय केलें? ते आपापल्या जागीं निमूटपणें थांबून राहिले. एकमेकांशीं ते एक शब्दहि बोलले नाहींत.

वास्तविक नाटकगृह म्हणजे मनुष्याचा आवाज यंत्रावांचून शेवटच्या ओळीपर्यंत पोंचावा म्हणूनच बांधलेली वास्तु. समोर प्रेक्षक होते, प्रश्न विचारणारे पत्रकार होते, आणि ज्याच्याशीं वाद घालावयाचा तो प्रतिपक्षी चार पावलांवर होता. तरीहि दोघे मुके राहिले. कारण बोला असें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें, आणि नियमाबाहेर बोललेला एखादा शब्द आपल्याला महाग पडेल अशी धास्ती दोघांच्याहि मनांत असली पाहिजे. ज्या वादांतील वादी यंत्र बंद पडतांच मुके होतात, तो वाद खरोखर वाद होता, कीं वादाचा देखावा होता? नियमांनीं घट्ट बांधलेल्या अशा वादसभांपासून मतदाराचें हित होतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या २७ मिनिटांत जितका स्पष्ट दिसला तितका क्वचितच दिसला असेल.

हा प्रश्न हिंदुस्थानाला अगदींच परका आहे असें नाहीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय तें कळावें म्हणून दोघांनीं प्रमाणपूर्वक केलेली चर्चा तो वाद. आपला पक्ष जिंकावा एवढ्याचसाठीं छलासकट सर्व साधनें वापरून केलेलें भांडण तो जल्प. आणि स्वतःचा असा पक्षच न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करीत सुटणें ती वितंडा. निवडणुकींतील उमेदवार जिंकण्यासाठींच उभा असतो, म्हणून त्याच्याकडून निर्मळ वादाची अपेक्षा करणें भोळेपणाचें होईल. परंतु जो ऐकावयास बसला आहे त्याला जिंकावयाचें नसतें. त्याला निवडावयाचें असतें. म्हणून अशा सभेचे नियम बोलणाऱ्यांच्या सोयीनें ठरावे कीं ऐकणाऱ्यांच्या, हाच सर्व वादाचा गाभा आहे.

अमेरिकेंत या विषयाची चर्चा निघाली म्हणजे १८५८ सालचें उदाहरण हटकून दिलें जातें. त्या वर्षीं इलिनॉय संस्थानांत सिनेटच्या एका जागेसाठीं स्टीफन डग्लस आणि अब्राहम लिंकन यांच्यामध्यें सात गांवीं सात वाद झाले. पहिला २१ ऑगस्ट रोजीं ऑटावा येथें, शेवटचा १५ ऑक्टोबर रोजीं ऑल्टन येथें. नियम अगदीं थोडे होते. पहिल्या वक्त्यानें ६० मिनिटें बोलावें, दुसऱ्यानें ९० मिनिटें उत्तर द्यावें, आणि पहिल्यानें पुन्हां ३० मिनिटें प्रत्युत्तर देऊन समारोप करावा. प्रश्न काढून देणारा सूत्रधार नव्हता, पत्रकारांचें मंडळ नव्हतें. उन्हातान्हांत हजारों माणसें तीन तीन तास उभीं राहून ऐकत, आणि लघुलेखकांनीं टिपून घेतलेलीं भाषणें वर्तमानपत्रांतून छापून येत.

या मोकळेपणाचें फळ २७ ऑगस्ट रोजीं फ्रीपोर्ट येथें दिसलें. गुलामगिरी ठेवावी कीं नको, हें त्या त्या प्रदेशांतील लोकांनींच ठरवावें, असें डग्लस यांचें मत होतें. परंतु त्यापूर्वींच, १८५७ सालीं, अशा प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसलाहि नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला होता. लिंकन यांनीं प्रश्न टाकला कीं, एखाद्या प्रदेशाला संस्थानाचा दर्जा मिळण्यापूर्वीं तेथील रहिवाशांना गुलामगिरी कायदेशीरपणें बाहेर ठेवतां येईल काय? होय म्हणावें तर दक्षिणेकडील संस्थानें रागावणार, नाहीं म्हणावें तर इलिनॉयचे मतदार दुरावणार. स्थानिक कायद्यांचा आधार नसेल तर गुलामगिरी एक दिवसहि टिकणार नाहीं, म्हणून लोकांची इच्छा असल्यास त्यांना ती टाळतां येईल, असें उत्तर डग्लस यांनीं दिलें. त्यांनीं सिनेटची जागा राखली. पण दक्षिणेनें तें उत्तर कधींच विसरलें नाहीं. १८६० सालीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत त्यांच्या पक्षाचीं दोन शकलें झालीं आणि लिंकन निवडून आले. प्रतिपक्ष्यानें स्वतः विचारलेला एकच नेमका प्रश्न काय करूं शकतो याचा हा दाखला आहे.

तथापि जुनें तें सर्व सोनें असें मानूं नये. त्या सातहि सभांत वैयक्तिक टोमणे आणि एकाच आरोपाची पुनःपुन्हां उजळणी पुष्कळ होती. १८ सप्टेंबर रोजीं चार्ल्सटन येथें खुद्द लिंकन यांनीं, गोऱ्या आणि काळ्या लोकांना सामाजिक व राजकीय समता देण्याचा आपला हेतु नाहीं, असें श्रोत्यांना बरें वाटेल तें सांगून टाकलें. शिवाय त्या काळीं सिनेटचा सभासद संस्थानाचें विधिमंडळ निवडीत असे; श्रोत्यांचें मत उमेदवाराला सरळ पडत नसे. नियम थोडे असले म्हणजे वाद आपोआप उंच होतो, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाहीं. निघतो तो इतकाच कीं, पळवाट बंद करणारा प्रश्न विचारण्याची मोकळीक तेथें होती.

त्यानंतर शंभर वर्षांनीं यंत्रयुगांतला वाद आला. २६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागो येथील दूरचित्रवाणीच्या एका केंद्रांत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर आले. आरंभीं प्रत्येकास सुमारें ८ मिनिटें, शेवटीं सुमारें ३ मिनिटें, आणि मध्यंतरीं पत्रकारांचे प्रश्न, अशी व्यवस्था होती. सुमारें ७ कोटी लोकांनीं तो कार्यक्रम पाहिला असें मानतात. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यांतून उठले होते आणि पडद्यावर ते फिकट दिसले. ज्यांनीं रेडिओवर ऐकलें त्यांना निक्सन सरस वाटले आणि ज्यांनीं पाहिलें त्यांना केनेडी, अशी एक गोष्ट नेहमीं सांगितली जाते. रेडिओच्या श्रोत्यांना ती सुखावणारी असली, तरी तिचा आधार एका लहानशा पाहणीपलीकडे जात नाहीं, हें लक्षांत ठेवावें. निवडणूक मात्र अटीतटीची झाली. देशभर पडलेल्या ६ कोटी ८० लाखांहून अधिक मतांत केनेडी यांची आघाडी सुमारें १ लाख १३ हजारांची होती. इतक्या थोड्या मतांवर निकाल लागल्यावर पडद्यावरील एक एक क्षण म्हणजे धोका, असें उमेदवारांच्या सल्लागारांना वाटूं लागलें तर नवल नाहीं.

पुढें १९६४, १९६८ आणि १९७२ या तिन्ही निवडणुकींत वादसभा झालीच नाहीं. १९३४ च्या दळणवळण कायद्याप्रमाणें एका उमेदवाराला नभोवाणीवर वेळ दिल्यास त्या जागेच्या इतर सर्व उमेदवारांनाहि तितकाच वेळ देणें भाग होतें. १९६० सालापुरता तो नियम काँग्रेसनें स्थगित ठेवला होता. शिवाय जो पुढें आहे त्याला वादांत उतरण्याची हौस नसते, हेंहि उघड आहे. १९७५ सालीं त्या नियमाचा नवा अर्थ लावण्यांत आला आणि बाहेरच्या संस्थेनें भरविलेली वादसभा ही एक घडलेली वार्ता म्हणून दाखविण्यास मोकळीक मिळाली. तेव्हां पुढें आली ती लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था. अमेरिकन स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला त्याच १९२० सालीं ती स्थापन झाली होती. १९७६, १९८० आणि १९८४ च्या अध्यक्षीय वादसभा या संस्थेनें भरविल्या.

फोर्ड आणि कार्टर यांची दुसरी सभा ६ ऑक्टोबर १९७६ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें झाली. बोलतां बोलतां फोर्ड म्हणाले कीं, पूर्व युरोपवर सोव्हिएट रशियाचें वर्चस्व नाहीं. हें ऐकून प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल चकित झाले आणि त्यांनीं तेथल्या तेथें पुरवणी प्रश्न केला. आपण ऐकलें तें बरोबर ना, असा त्याचा आशय होता. आपलें विधान सुधारून घेण्याची ती सोन्यासारखी संधि होती. परंतु फोर्ड यांनीं तें अधिकच घट्ट धरलें आणि युगोस्लाव्हिया, रुमानिया व पोलंड या देशांचीं नांवें घेतलीं. पुढें कित्येक दिवस त्यांना त्याचा खुलासा करीत बसावें लागलें. फ्रीपोर्टला जें लिंकन यांच्या प्रश्नानें केलें तेंच येथें एका पुरवणी प्रश्नानें केलें. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेलें उत्तर देतां येतें. मनुष्य कळतो तो दुसऱ्या प्रश्नाला.

हीच गोष्ट उमेदवारांच्या सल्लागारांनींहि ओळखली, आणि दुसरा प्रश्न येऊंच नये अशी तजवीज सुरू झाली. १९८४ सालीं प्रश्न विचारावयाच्या पत्रकारांचीं नांवें उमेदवारांच्या प्रतिनिधींनीं एकामागून एक नाकारलीं. १९८७ सालीं दोन्ही मोठ्या पक्षांच्या तत्कालीन अध्यक्षांनीं मिळून वादसभा भरविण्यासाठीं एक स्वतंत्र आयोग स्थापन केला. तो सरकारी नव्हता, कायद्यानें निर्माण झालेला नव्हता. १९८८ सालीं थोरले बुश आणि मायकेल डुकाकिस यांच्या प्रतिनिधींनीं आपसांत १६ पानांचा करार केला आणि तो लीगपुढें ठेवला. प्रश्न कोणीं विचारावे, सभागृहांत प्रेक्षक कोण असावे, वार्ताहरांनीं कोठें जावें, हें सर्व त्यांत ठरलेलें होतें. ३ ऑक्टोबर १९८८ रोजीं लीगनें अंग काढून घेतलें आणि ही मतदारांची फसवणूक होईल, तींत आपण सामील होणार नाहीं, अशा आशयाचें निवेदन प्रसिद्ध केलें. ती सभा मग आयोगानें भरविली.

परीक्षार्थींनींच प्रश्नपत्रिका काढावी, त्यांनींच परीक्षक नेमावा, आणि अमुक प्रश्नावर पुन्हां विचारूं नये अशी अट घालावी, तर त्या परीक्षेच्या निकालाला कोण किंमत देईल? दोन परीक्षार्थी एकमेकांचे कट्टर वैरी आहेत, म्हणून त्यांच्यांत संगनमत होणार नाहीं, ही समजूत खोटी आहे. दोघांनाहि अवघड प्रश्न नकोच असतो. त्या एका बाबतींत त्यांची अळीमिळी गुपचिळी असते.

याचा कळस २००४ सालीं झाला. धाकटे बुश आणि जॉन केरी यांच्या पक्षांनीं केलेला करार ३२ पानांचा होता. बोलण्याचें मेज किती उंच असावें आणि दोन मेजांत अंतर किती असावें, इथपासून त्यांत बारकावे होते. उमेदवारांनीं एकमेकांस सरळ प्रश्न विचारावयाचा नाहीं. एकजण बोलत असतां दुसऱ्याचा चेहरा पडद्यावर दाखवावयाचा नाहीं. तिसऱ्या नियमाची गोष्ट अधिक खेदाची आहे. ८ ऑक्टोबर रोजीं सेंट लुई येथें सामान्य नागरिकांनीं प्रश्न विचारावयाचे होते. त्यांनीं ते अगोदर लिहून द्यावे, सूत्रधारानें निवडलेलाच प्रश्न विचारावा, शब्द बदलून भलतेंच विचारल्यास त्यांना तेथेंच थांबवावें, आणि पुरवणी प्रश्न करूं देऊं नये, असें ठरलें होतें. त्या रात्रीं शेवटचा प्रश्न एका स्त्रीनें बुश यांना विचारला: आपला निर्णय चुकला असें पुढें आपल्याला कळून आलें, अशीं तीन उदाहरणें सांगा, आणि ती चूक दुरुस्त करण्यासाठीं काय केलें तेंहि सांगा. बुश पुष्कळ बोलले. कांहीं नेमणुका चुकल्या असेंहि म्हणाले. पण एकहि चूक त्यांनीं नांव घेऊन सांगितली नाहीं. प्रश्न उत्तम होता. उत्तर आलें नाहीं हें त्या बाईंना दिसत होतें, आणि देशालाहि दिसत होतें. परंतु "माझ्या प्रश्नाचें उत्तर राहिलें" हे चार शब्द बोलण्याची त्यांना मुभा नव्हती.

बारा वर्षांपूर्वींचें चित्र याच्या शेजारीं ठेवून पाहावें. १५ ऑक्टोबर १९९२ रोजीं रिचमंड येथें थोरले बुश, बिल क्लिंटन आणि रॉस पेरो हे तिघे नागरिकांसमोर उभे होते. राष्ट्रीय कर्जाचा आपल्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, असें एका तरुण स्त्रीनें विचारलें. बुश यांना प्रश्नाचा रोख नीट कळला नाहीं. तेव्हां ती पुन्हां बोलली, सूत्रधार स्त्रीनें प्रश्न उलगडून सांगितला, आणि तीन उमेदवारांपैकीं कोणाला सामान्य माणसाची स्थिति कितपत ठाऊक आहे हें श्रोत्यांना चटकन् कळलें. तेथेंहि वेळ ठरलेला होता, क्रम ठरलेला होता. परंतु प्रश्न विचारणारी स्त्री बाहुली नव्हती. ती त्या संवादांतील एक पक्ष होती.

याच १९९२ सालीं रॉस पेरो या तिसऱ्या उमेदवाराला वादांत जागा मिळाली आणि निवडणुकींत त्यांना सुमारें १९ टक्के मतें पडलीं. १९९६ सालीं ते पुन्हां उभे राहिले. सरकारी खजिन्यांतून त्यांना प्रचारासाठीं सुमारें २ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. पण आयोगानें त्यांना वादसभेंत घेतलें नाहीं. पुढें २००० सालापासून लोकमताच्या पांच पाहण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंबा असल्याशिवाय प्रवेश नाहीं असा दंडक झाला. व्यासपीठावर दहाबारा माणसांची गर्दी झाल्यास वाद अशक्य होतो, हें खरें. कोठें तरी रेघ ओढावीच लागते. पण नवख्या मनुष्याला लोकांनीं ऐकल्याशिवाय पाठिंबा मिळत नाहीं, आणि पाठिंब्याशिवाय त्याला लोकांपुढें ऐकवूं देत नाहींत. पोहतां आल्याशिवाय पाण्यांत उतरूं नये, अशांतलाच हा प्रकार होय. १९९२ नंतर अध्यक्षपदाच्या या सभांत तिसरा उमेदवार दिसलेला नाहीं. रेघ ओढणारे हात दोन पक्षांचे असले म्हणजे कुंपणच शेत खातें कीं काय, अशी शंका मतदाराला येणारच.

दुसरी बाजूहि न्यायानें ऐकली पाहिजे. वादसभेला येण्याची सक्ति उमेदवारावर कोणत्याहि कायद्यानें केलेली नाहीं. १९८० सालीं तिसरे उमेदवार जॉन अँडरसन यांच्याबरोबर बसावयास कार्टर यांनीं साफ नकार दिला आणि बाल्टिमोरची ती सभा त्यांच्यावांचूनच झाली. अटी मान्य केल्या नाहींत तर सभाच होत नाहीं, आणि सभा न होण्यापेक्षां बांधलेली सभा बरी, असें आयोगाचे समर्थक म्हणत. या म्हणण्यांत तथ्य आहे. सोळा वर्षांचा जो खंड पडला होता, त्यानें मतदाराला कांहींच दिलें नाहीं.

नियम ढिले पडल्यास काय होतें, हेंहि २९ सप्टेंबर २०२० रोजीं क्लीव्हलंड येथें दिसून आलें. डोनाल्ड ट्रम्प आणि जो बायडन यांच्या त्या सभेंत प्रत्येक विषयाच्या आरंभीं दोन दोन मिनिटें ठरलेलीं होतीं. पण ट्रम्प यांनीं मध्यें बोलण्याचा असा सपाटा लावला कीं, सूत्रधार ख्रिस वॉलेस यांना आवरतां आवरेना. बायडन यांनींहि संयम सोडला. दीड तासानें श्रोत्यांच्या पदरीं कोलाहलाखेरीज फारसें कांहीं पडलें नाहीं. म्हणून २२ ऑक्टोबर रोजीं नॅशव्हिलच्या सभेंत एकाचीं पहिलीं दोन मिनिटें चालूं असतां दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्यांत आला, आणि काय आश्चर्य, दोघांचेंहि बोलणें ऐकूं येऊं लागलें. त्या दिवशीं नियंत्रण वाढलें आणि मतदाराचें हितहि वाढलें.

याहून मोठें उदाहरण २०२४ सालचें आहे. त्या वर्षीं आयोगाला बाजूस सारून दोन्ही पक्षांनीं सरळ वृत्तवाहिन्यांशीं ठराव केला. २७ जून रोजीं अटलांटा येथें झालेली सभा नियमांनीं जखडलेली होती. सभागृहांत प्रेक्षक नाहींत, हातांत लिहून आणलेलीं टिपणें नाहींत, आणि आपली पाळी नसतां ध्वनिक्षेपक बंद. टाळ्यांचा आधार नाहीं, गोंगाटाचा आडोसा नाहीं. त्या शांततेंत ८१ वर्षांचे अध्यक्ष बायडन अडखळले, वाक्य अर्धवट सोडूं लागले, आणि जें त्यांच्या पक्षांतील पुष्कळांनीं मनांत ठेवलें होतें तें देशानें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. २१ जुलै रोजीं त्यांनीं उमेदवारी सोडली. घट्ट नियमांनीं त्या रात्रीं कोणाला झांकलें नाहीं. उलट उघडें केलें. मात्र त्याच सभेंत एक उणीवहि होती. वस्तुस्थितीला सोडून केलेलीं विधानें सूत्रधारांनीं बहुतेक तशींच जाऊं दिलीं. मनुष्याची शक्ति कळली. त्याच्या शब्दांची पारख मात्र ज्यानें त्यानें घरीं करावयाची राहिली.

क्लीव्हलंड, नॅशव्हिल, अटलांटा आणि सेंट लुई हीं चार नांवें एकत्र ठेवलीं म्हणजे गुंता सुटूं लागतो. बंधन वाईट कीं मोकळीक वाईट, असा प्रश्नच मुळीं चुकीचा आहे. बंधन कोणाला घातलें आहे, हें पाहावें. वेळ, पाळी, शांतता आणि टिपणांची मनाई हे नियम उमेदवाराला बांधतात. त्यामुळें त्याला दुसऱ्याच्या आवाजामागें लपतां येत नाहीं. हे नियम कितीहि कडक असोत, ते मतदाराचे मित्र आहेत. उलटपक्षीं, प्रश्न कोणीं विचारावा, काय विचारावा, पुन्हां विचारावा कीं नाहीं, आणि व्यासपीठावर कोणाला येऊं द्यावें, यांवर उमेदवारांनीं घातलेलें बंधन हें प्रश्नाला बांधतें. प्रश्न बांधला गेला कीं उत्तर मोकाट सुटतें. न्यायालयांतहि साक्षीदारानें केव्हां बोलावें याला शिस्त असते. परंतु उलटतपासणीचे प्रश्न साक्षीदारानें ठरवावे असें कोणी म्हणत नाहीं. आणि मतदानाच्या न्यायालयांत उमेदवार हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

यावरून मतदारानें आग्रह कशाचा धरावा तें ठरतें. उमेदवारांत झालेला करार सभेपूर्वीं जसाच्या तसा प्रसिद्ध व्हावा. जी अट लोकांपुढें सांगण्याची लाज वाटते, ती घालण्याचें धैर्यहि मग होत नाहीं. प्रश्नकर्त्यांची निवड उमेदवारांच्या हातीं नसावी. आणि प्रत्येक प्रश्नाला निदान एक पुरवणी प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा, मग तो पत्रकाराचा असो वा शिंप्याचा. एवढें मिळालें तर बाकीच्या बाबतींत मेजाची उंची आणि मेजांतील अंतर उमेदवारांनीं खुशाल ठरवावें. ज्याला या तीन गोष्टी मान्य नाहींत आणि म्हणून जो सभेलाच येत नाहीं, त्याची रिकामी खुर्चीहि मतदाराला कांहीं सांगत असते.

हिंदुस्थानांत लोकसभेच्या निवडणुकींत पक्षनेत्यांनीं असें समोरासमोर येण्याची चाल रूढ झालेली नाहीं. येथें सभा एकेकट्याची असते; व्यासपीठ आपलें, हार आपले, टाळ्याहि आपल्याच. उद्यां ही चाल येथें आली, तर ती प्रथम आपल्या झगमगाटानें डोळे दिपवील. अमेरिकेंत जाऊन तेथील नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर दर चार वर्षांनीं ती पाहावी लागते, आणि तिच्या आधारें मत द्यावें लागतें. तेथें असो वा येथें, अशा सभेकडे पाहतांना कोण जिंकला हा प्रश्न दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांवर सोपवावा. स्वतः पाहावयाचें तें हें कीं, कोणत्या प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, आणि तो प्रश्न पुन्हां विचारण्याची कोणाला मुभा होती.

फिलाडेल्फियाच्या त्या रात्रीं यंत्र दुरुस्त झाल्यावर फोर्ड आणि कार्टर पुन्हां बोलूं लागले, आणि ठरल्याप्रमाणें सभा पुरी झाली. दोघेहि सज्जन होते, दोघेहि विद्वान सल्लागारांनीं वेढलेले होते. त्या २७ मिनिटांत त्यांच्यापैकीं एकानें दुसऱ्याकडे वळून, "ही शांतता आहे तोंवर एक गोष्ट विचारूं का?" एवढें म्हटलें असतें, तर नाटकगृहांत बसलेल्यांना तरी एक खरा वाद ऐकावयास मिळाला असता.